पेटींतला संसार

आमच्या करमाळा तालुक्यांतील कंदर हें गांव हल्लीं केळ्यांसाठीं नांवाजलेलें आहे. उजनीच्या पाण्यामुळें या बाजूस बागाईत वाढलें, आणि एके काळीं ज्वारी व करडई यांवर समाधान मानणारा शेतकरी आतां आखाती देशांतील बाजारभावांची चौकशी करूं लागला. हंगामांत तिकडे गेलें असतां रस्त्याच्या कडेस ४० फूट लांबीच्या पांढऱ्या पेट्या ट्रेलरवर उभ्या दिसतात. अशा एका पेटींत सुमारें २० टन केळीं मावतात. पेटीच्या भिंतींत, छतांत आणि तळांत उष्णता अडविणारा घट्ट फेस भरलेला असतो; एका टोंकास शीतयंत्र बसविलेलें असतें; आणि हा सारा माल तेरा-चौदा अंशांच्या थंडाव्यांत न्हावाशेवा बंदरापर्यंत व तेथून समुद्रापार जातो. बाहेर चैत्राचें ऊन चाळिशीच्या पुढें गेलेलें असो, आंतल्या केळ्यांस त्याची वार्ताहि नसते.

कंटेनर म्हणतात तो हाच. शब्द इंग्रजी खरा, परंतु ट्रकवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं तो इतका रुळला आहे कीं त्यास संस्कृत प्रतिशब्द शोधीत बसणें म्हणजे स्टेशनला अग्निरथविश्रामस्थान म्हणण्यापैकींच होईल. मी या लेखांत बहुधा पेटी हा आपला घरगुती शब्द वापरणार आहें. तो पेटिकेचा वंशज असल्यामुळें माझ्यासारख्यास जवळचा वाटतो. ज्यांस खटकेल त्यांनीं तेथें खुशाल कंटेनर असें वाचावें.

आजचा विषय सुचला तो एका पत्रावरून. पत्र पुण्याच्या एका वाचकभगिनींचें आहे. घरीं सासूबाई, दीर, जाऊ, मुलें असें एकत्र कुटुंब आहे आणि आमच्याच बाजूस त्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. दोघां भावांच्या मनांत तेथें दोन जुने कंटेनर आणून सुटींत जाऊन राहण्याजोगें घर करावयाचें आहे. घर महिन्याभरांत उभें राहील, स्वस्तांत पडेल आणि टाकून दिलेल्या लोखंडाचा उपयोगहि होईल, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंनीं मात्र स्वच्छ सांगून टाकलें आहे कीं, मालाच्या डब्यांत मी देव मांडणार नाहीं. बाई विचारतात, शहाणपण कोणत्या पक्षाकडे आहे?

सासूबाईंच्या बाजूनें निकाल देऊन मोकळें होणें या वयांत मला सोपें होतें. पण हा प्रश्न आतां एका घराचा राहिलेला नाहीं. महामार्गावरील उपाहारगृहें, बांधकामाच्या जागेवरील कचेऱ्या, चौक्या, शेतावरील खोल्या, सर्वत्र या पेट्या दिसूं लागल्या आहेत. आणि ज्यांना निवड करण्याची सोयच नव्हती अशीं माणसेंहि आपल्या राज्यांत या पेट्यांत राहिलीं आहेत. त्यांच्याकडे मी पुढें येणारच आहें. प्रथम पेटीची ओळख करून घेऊं.

तिचा इतिहास फार लांबचा नाहीं. माल्कम मॅक्लीन नांवाचा एक अमेरिकन ट्रकमालक होता. ट्रकमधील पोतें, पिंप, गांठोडें एकेक करून जहाजांत चढविण्याऐवजीं मालासकट सबंध पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, ही कल्पना त्यानें तडीस नेली. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें त्याचें जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. पुढें १९६८ पासून पेट्यांचीं आंतरराष्ट्रीय मापें ठरत गेलीं: रुंदी ८ फूट, लांबी २० किंवा ४० फूट, उंची साडेआठ फूट, आणि एक उंच जात साडेनऊ फुटांची. माप एक झाल्यामुळें जगांतील कोणत्याहि बंदराची यारी कोणतीहि पेटी उचलूं शकते. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजीं उरणजवळ न्हावाशेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि मुंबईच्या गोदींतील पाठीवर पोतीं वाहण्याचें युग हळूहळू मागें पडलें. त्यांत किती जणांच्या पोटावर पाय आला हा निराळा विषय आहे. त्यावर कोणी जाणत्यानें लिहावें.

दहा-पंधरा वर्षें समुद्राचे हेलकावे खाल्ले कीं पेटी मालाच्या कामांतून निवृत्त होते. निवृत्त माणसास काय काम द्यावें हा प्रश्न जसा घरोघरीं पडतो तसाच तिच्याविषयीं बंदरोबंदरीं पडला. अमेरिकेंतील फिलिप क्लार्क नांवाच्या गृहस्थानें अशा पेट्यांचें राहतें घर करण्याच्या रीतीसाठीं १९८७ सालीं पेटंटचा अर्ज केला व १९८९ सालीं तें त्यास मिळालें. लंडनमध्यें २००१ सालीं जुन्या गोदीच्या परिसरांत पेट्यांची वसाहत झाली. अ‍ॅम्स्टरडॅम शहरांत २००५-०६ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीं हजारावर खोल्या पेट्या रचून केल्या गेल्या. कतार देशांत २०२२ च्या जागतिक फुटबॉल सामन्यांसाठीं एक सबंध क्रीडांगणच पेट्यांच्या आधारानें उभें केलें होतें. पेट्या ९७४, क्रीडांगणाचें नांवहि ९७४, आणि त्या देशाचा दूरध्वनीचा क्रमांकहि तोच. हौस म्हणतात ती अशी.

पेटी मजबूत कां असते हें मुलांस समजावून सांगण्याजोगें आहे. वहीचा एक कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवावा. तो मधोमध वाकून खालीं येतो. त्याच कागदास पंख्यासारख्या घड्या घालून पुन्हा ठेवावा. आतां त्यावर खडूचा डबा ठेवला तरी तो तग धरतो. पेटीच्या भिंतीचा पत्रा अवघा दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, परंतु त्यास अशाच घड्या असल्यामुळें तो ताठ राहतो. (घडीच्या पत्र्याचें पेटंट हेन्री पामर यानें १८२९ सालीं घेतलें, आणि तोहि लंडनच्या गोदीचाच अभियंता होता. बंदरांतली वस्तु घरावर चढण्याची ही पहिली खेप नव्हे.) पेटीचा खरा भार मात्र चार कोंपऱ्यांतील खांबांवर असतो. त्या चार खांबांच्या बळावर भरलेल्या पेट्या जहाजांत एकावर एक आठ-नऊ रचल्या जातात.

यांतूनच एक गोष्ट निघते, आणि ती न जाणल्यामुळें पुष्कळांचे पैसे वायां जातात. भिंतीचा पत्रा हा नुसता आडोसा नव्हे. चौकट तिरपी होऊं न देण्याचें काम तो करीत असतो. हौसेनें तेथें मोठें दार, येथें रुंद खिडकी असें कापीत गेलें कीं पेटी लुळी पडते. जेवढें कापावें तेवढ्या भोंवतीं लोखंडी नळ्यांची चौकट जोडावीच लागते. छपरावर मधोमध पाण्याची टांकी ठेवणें, किंवा गारवा मिळावा म्हणून पेटी जमिनींत पुरून बाजूंनीं माती लोटणें, हेहि तितकेंच घातुक. बाजूचा पत्रा मातीचा रेटा सोसण्यासाठीं घडविलेलाच नाहीं. चार कोंपरे सोडून इतरत्र तिच्यावर विसंबूं नये.

आतां राहण्याचें पाहूं. आंतून मोजली तर पेटीची रुंदी ७ फूट ८ इंच भरते. भिंतींस अस्तर चढविलें म्हणजे जेमतेम सात फूट उरतात. २० फुटी पेटींत सुमारें १५० चौरस फूट जागा असते, ४० फुटींत ३००. आंकडा ऐकण्यास वाईट नाहीं. मुंबईच्या चाळींत याहून कमी जागेंत पिढ्या वाढल्या. परंतु चाळीची खोली ही खोली असते, पेटी हा बोळ असतो. आमच्या वाचकभगिनींनीं जमिनीवर खडूनें रेघा मारून त्यांत पाट मांडून पाहावे. पाट दीड फूट, त्यापुढें पान दीड फूट, आणि वाढणारीला जाण्यापुरती अडीच-तीन फुटांची वाट. समोरासमोर दोन पंगती मांडावयाच्या तर नऊ फूट हवेत. पेटींत एकच पंगत बसेल, आणि तीहि भिंतीकडे तोंड करून, परीक्षेस बसल्यासारखी. जुने सुतार घर खणांनीं मोजीत, आणि खण ठरे तो तुळईच्या ताकदीवरून व घरांतल्या माणसांवरून. या पेटीची रुंदी ठरली ती अमेरिकेच्या रस्त्यावरून केवढी गाडी जाऊं द्यावी या नियमावरून. माणूस तीत कसा बसेल याचा विचार कोणी केलाच नव्हता, व करण्याचें कारणहि नव्हतें.

दोन पेट्या शेजारीं ठेवून मधला पत्रा काढला तर पंधरा फुटांची ऐसपैस जागा होते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यार्थ्यांस एकेकटें राहावयाचें असतें, त्यांस याची गरज नाहीं. एकत्र कुटुंबास आहे. तथापि पत्रा काढला कीं छतास आधार राहत नाहीं, तेथें तुळई व खांब द्यावे लागतात, आणि दोन छतांच्या सांध्यांतून पहिल्याच वळवाच्या सरींत पाणी येतें. सांधा नुसता डांबरानें भरून भागत नाहीं. त्यावर पत्र्याची टोपी हवी.

पण रुंदीची अडचण उन्हाच्या मानानें कांहींच नव्हे. देशावरच्या, विशेषतः सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्याचें वर्णन आमच्या वाचकांस करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. येथील जुनें घर म्हणजे माळवदाचें. दीड-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, लांकडी तुळया, त्यांवर किलचन, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. दुपारची उष्णता त्या जाडींतून वाट काढीत आंत पोंचेपर्यंत दिवस कलतो, आणि तोंवर बाहेर वारा सुटलेला असतो. कमलाभवानीच्या देवळाजवळील शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरींत वैशाखांत चार पायऱ्या उतरलें तरी अंगास गारवा लागतो तो याच न्यायानें. दगड आणि माती उष्णता झेलून धरतात, लगेच पुढें देत नाहींत. पेटीच्या भिंतीची जाडीहि दीड-दोनच. फरक इतकाच कीं ती हातांत नसून मिलिमीटरांत आहे. गडद रंगाची पेटी मे महिन्यांत दुपारीं साठ अंशांच्या पलीकडे तापते. हात ठेववत नाहीं. आंतल्या माणसाच्या डोक्यावर दोन हातांवर तेंच तापलेलें छत असतें, आणि पंखा लावला तर तो तीच हवा खालीं लोटतो. पौषांत याच्या उलट. रात्रीं पत्रा थंड पडतो, श्वासाची व स्वयंपाकाची वाफ त्यावर जमते, आणि पहाटे छतांतून थेंब पडूं लागतात. घर गळत नसतांनाहि गळतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर शेवटीं माळवदाचें स्तोत्र गाणार. तसें मला करतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतिविसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसें गेलीं. त्यांतील पुष्कळ लोक याच जाड भिंतींखालीं व याच गार छतांखालीं गाडले गेले. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं नवी माती टाकून छताचें ओझें वाढत गेलेलें, भिंतींत दगडास दगड बांधणारी सांधणूक नाहीं. अवघ्या कांहीं सेकंदांत सारें खालीं आलें. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. पोलादी पेटी तशा धक्क्यानें हलली असती, घसरली असती, पण माणसावर कोसळली नसती. ही तिची बाजू आहे, आणि ती लहान नाहीं. जें घर गार ठेवतें तें भूकंपांत मारतें, आणि जें घर भूकंपांत तारतें तें उन्हांत भाजतें. या दोहोंच्या मधली वाट शोधणें एवढाच खरा प्रश्न आहे. डबा कीं वाडा हा नव्हे.

आतां ज्यांना निवड नव्हती त्यांच्याविषयीं. २२ जुलै २०२१ रोजीं रायगड जिल्ह्यांतील महाड तालुक्यांत तळीये गांवावर दरड कोसळली. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. दोन वर्षांनीं, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, त्याच जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी ही इर्शाळगडाच्या कुशींतली ठाकर समाजाची वाडी डोंगराखालीं गेली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत, आणि कांहीं दिवसांनीं शोध थांबवावा लागला. या दोन्ही ठिकाणीं वांचलेल्यांस तात्पुरता निवारा म्हणून कंटेनर देण्यांत आले. इर्शाळवाडीच्या लोकांसाठीं ते खालीं चौक गांवाजवळ ठेवले होते.

हें केलें तें योग्यच केलें. आषाढ-श्रावणाच्या धारांत, जेथें कुदळ मारली तर खड्डा पाण्यानें भरतो, तेथें कोणता गवंडी भिंत उभारणार? यारीनें पेटी उचलून ठेवली कीं त्याच रात्रीं डोक्यावर न गळणारें छत, दारास कडी आणि साप-विंचवाची भीति नाहीं. ज्या माणसांनीं आपलें घर डोळ्यांदेखत मातीखालीं जातांना पाहिलें, त्यांस चार पोलादी खांबांचा भरंवसा काय वाटला असेल हें आपणांस घरीं बसून समजणार नाहीं. पेटीची थोरवी जर कोठें असेल तर ती येथें आहे.

परंतु पाऊस सरतो आणि उन्हाळा येतो. कायमचीं घरें बांधण्याचें काम तळीयेस म्हाडाकडे व इर्शाळवाडीस सिडकोकडे सोंपविलें गेलें. जागा पाहणें, ती मिळविणें, सपाटी, रस्ते, पाणी, यांत महिन्यांमागून महिने जातातच. इर्शाळवाडीच्या कुटुंबांस २०२४ चा उन्हाळा पेट्यांतच काढावा लागला; तळीयेच्या लोकांचे तर त्याहून अधिक गेले. ठाकरांचें परंपरेचें घर कुडाचें. कारवीच्या काटक्यांतून वारा खेळतो, आणि घरापेक्षां अंगणच मोठें असतें. तेथून उठून हीं माणसें ८ फुटांच्या पत्र्यांत आलीं. म्हाताऱ्यांनीं दुपार झाडाखालीं काढावयाची, बायांनीं चूल बाहेर मांडावयाची, लहान मूल आंत निजवावें तर तें घामानें निथळावयाचें. मला कंदरचीं केळीं आठवतात तीं येथें. तीच पेटी, तींच मापें. फळासाठीं भिंतींत तीन-चार इंच फेस भरतो, कारण फळ नासलें तर पैसे बुडतात. माणूस उन्हांत नासत नाहीं, तो सोसतो. म्हणून त्याच्या पेटींत फेस नसला तरी काम भागतें असें कोणीं न बोलतां ठरवून टाकलेलें दिसतें.

शीतयंत्र द्या असें माझें म्हणणें नाहीं. पेटीवर हातभर अंतर सोडून एक साधें छप्पर, भिंतींस आंतून अस्तर, समोरासमोर दोन खिडक्या आणि दारापुढें सहा फुटांची पडवी, एवढें पहिल्या उन्हाळ्यापूर्वीं करतां येतें. त्याला भूमिसंपादन लागत नाहीं. आणि ज्या दिवशीं पेटी ठेवली त्याच दिवशीं तिच्या दारावर रंगानें तारीख लिहावी: अमुक दिवशीं आली, अमुक दिवसापर्यंत जाईल. ऊसतोडीचे मजूर आमच्या भागांत दिवाळीच्या सुमारास येतात आणि बांबू, चटया व पाचट यांची कोपी एका दिवसांत उभी करतात. ती घर म्हणून हलकीच. तींत कोणी सुखानें राहतो असें मी म्हणणार नाहीं. तरी कोपींत राहणाऱ्यास एक ठाऊक असतें, पट्टा पडला कीं आपण येथून निघणार. इर्शाळवाडीच्या माणसास ही तारीख ठाऊक नव्हती.

सासूबाईंच्या आक्षेपाचें आतां पाहूं. व्युत्पत्तीच्या दरबारांत नेलें तर त्या हरतील असें मला वाटतें. गृह हा शब्द ग्रह् धातूवरून आला, म्हणजे जें ग्रहण करतें, धारण करतें तें गृह. आणि इंग्रजी कंटेनर शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे? पण आपल्याकडे घरास वास्तु असेंहि म्हणतात, आणि तो शब्द वस् म्हणजे राहणें या धातूचा आहे. वस्तु ठेवली म्हणून जागेचें गृह होईल. वास्तु होण्यास तींत राहवलें पाहिजे. तेव्हां देव मांडण्यास हरकत नाहीं, मात्र दुपारीं बारा वाजतां नैवेद्य दाखविणाऱ्या माणसास घेरी येतां कामा नये. सासूबाईंचा विरोध मला सोवळ्याचा वाटत नाहीं. स्वयंपाकघरांत किती तास काढावे लागतात हें त्या घरांत त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

आणि त्या दोघां बंधूंस एवढें सांगणें आहे. पेटी घेतांना दारावरील धातूची पट्टी वाचावी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें ती प्रत्येक पेटीवर असते, आणि तींत पेटी केव्हां घडली, किती भार सोसते, हें कोरलेलें असतें. आंतली जमीन जाड प्लायवूडची असते, व वाळवी लागूं नये म्हणून तीस कीटकनाशक पाजलेलें असतें. मुलें ज्यावर रांगावयाचीं ती जमीन काढून टाकावी, निदान पूर्ण झांकून घ्यावी; पूर्वीं या पेटींतून रसायनें गेलीं होतीं काय याचीहि चौकशी करावी. कोंकणांत जमीन असती तर मी जुनी पेटी घेऊंच नका म्हटलें असतें, खाऱ्या दमट हवेंत गंज फार लवकर धरतो. आपल्या कोरड्या हवेंत हें पोलाद पुष्कळ वर्षें टिकतें. पेटी उघड्या मातीवर ठेवूं नये. चारी कोंपऱ्यांखालीं दीड-दोन फुटांचे पक्के ओटे बांधावे, म्हणजे खालून वारा जाईल आणि तळ सडणार नाहीं. विजेची जोडणी जाणत्याकडून करून घ्यावी व पेटीस जमिनीशीं जोडणारी तार विसरूं नये. सबंध घरच लोखंडाचें असल्यामुळें एका सुटलेल्या तारेनें चारी भिंती जिवंत होतात. मूळचीं दोन मोठीं दारें बाहेरून बंद होतात, आंतून उघडत नाहींत. तीं एक तर कायमचीं उघडीं बांधून टाकावीं किंवा काढावीं, आणि आंतून उघडणारें साधें दार बसवावें. खेळतां खेळतां एखादें मूल आंत राहिलें आणि दुसऱ्यानें दांडा फिरविला, तर काय होईल हें लिहवत नाहीं. नुसती पेटी ठेवली, घर बांधलें नाहीं, म्हणून परवानगी नको, असें सांगणारे भेटतील. त्यांचें न ऐकतां ग्रामपंचायतींत व तहसील कचेरींत आधीं विचारावें.

वरचें छप्पर, अस्तर, खिडक्यांच्या चौकटी, ओटे, यारीचें भाडें, आणि बंदरापासून आमच्या माळरानापर्यंत ट्रेलरचें भाडें, असा सगळा जमाखर्च मांडला म्हणजे पेटीचें घर विटांच्या घरापेक्षां फारसें स्वस्त राहत नाहीं. लौकर होतें, उचलून नेतां येतें, भूकंपास भीत नाहीं, हे त्याचे खरे गुण. ज्यांस स्वस्ताईसाठीं करावयाचें असेल त्यांनीं हा हिशेब आधीं करावा. दोन पेट्या अगदीं चिकटवून ठेवण्यापेक्षां मध्यें दहा-बारा फूट जागा सोडून समोरासमोर ठेवाव्या व दोहोंवर मिळून एकच उंच छप्पर घालावें, असें मी सुचवीन. पेट्या निजावयास व सामान ठेवावयास होतील, आणि मधल्या सावलींत, वाऱ्यांत, पंगत, देव, गप्पा सर्व कांहीं होईल. तो मधला भागच खरें घर ठरेल.

तरीहि मन द्विधा असेल तर एक गोष्ट करावी. महामार्गाच्या कामावर किंवा नव्या इमारतीच्या जागेवर कंटेनरची कचेरी हमखास असते. येत्या वैशाखांत तेथल्या मुकादमास विनंती करून दोघां भावांनीं बारा ते तीन, यंत्र बंद ठेवून, आंत बसावें. पैसे त्यानंतर मोजावे.